माळ्यावरचा डायरेक्टर

अम्ब्रोझ ट्रुडेन भर उन्हाळ्यातही फरची टोपी घालतो. ती पोल्हाच्या कातड्यांची आहे, त्याच्या आजोबांनी शिवून घेतलेली, आणि पाऊस पडला की तिला असा वास सुटतो की त्याची स्वतःची कुत्री त्याच्यावर भुंकते. चर्चमध्ये तो ती काढून मांडीवर ठेवतो. मागच्या बाकावरची पोरं म्हणतात, प्रवचन लांबलं की आधी टोपी घोरायला लागते आणि मग अम्ब्रोझ.

पोल्ह म्हणजे खारीचा खाऊनपिऊन सुटलेला चुलतभाऊ. राखाडी अंग, ब्रशासारखी शेपूट, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी कड. वर्षातले सात महिने तो जमिनीखाली झोपतो आणि उरलेले पाच महिने त्या झोपेची तयारी म्हणून खातो. सगळ्या स्लोव्हेनियात त्याला ओळखतात, पण आमच्या बुकोव्ये गावात त्याला कुणी नुसता प्राणी समजत नाही. सप्टेंबर संपेपर्यंत तो उपद्रव असतो आणि ऑक्टोबर लागला की रस्सा. कायदाही असाच आहे. एक ऑक्टोबरला शिकारीचा हंगाम उघडतो. त्याआधी त्यानं माळ्यावर चढून तुमच्या लग्नातल्या गाद्या उसवल्या, विजेच्या तारा कुरतडल्या, तरी त्याला मारायचं नाही. जिवंत धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा.

हे धरण्याचं काम गावात अम्ब्रोझ करतो. लाकडाच्या गिरणीत त्याचं आयुष्य करवतींना धार लावण्यात गेलं. गिरणी बंद पडली तरी सकाळी लवकर उठायची सवय राहिली, आणि सकाळी लवकर उठणाऱ्या माणसाला काहीतरी उद्योग लागतो. ऑगस्टपासून तो लोकांच्या माळ्यांवर दिसू लागतो. लाकडी पिंजरे त्यानं स्वतः बनवलेत, एका बाजूला जाळी, दुसऱ्या बाजूला वरून पडणारी झडप. आत चुलीवर भाजलेली नाशपाती आणि आलुबुखाराच्या दारूत भिजवलेलं एक सुकं आलुबुखार. तो म्हणतो, नाशपातीनं पोल्ह आत येतो आणि आलुबुखारानं आत आल्याचं दुःख विसरतो. कामाचे पैसे घेत नाही. जेवायला बसवलं तर बसतो, नाही बसवलं तर दारात जरा जास्त वेळ बूट झटकत राहतो.

त्यानं लग्न केलं नाही. कारण विचारलं तर सांगतो की आमच्याकडे लग्नं शरदात होतात आणि शरदात त्याला वेळ नसतो.

यात खोटं काही नाही. आमची जमीन चुनखडीची, चाळणीसारखी भोकं पडलेली. त्या भोकांत पोल्ह झोपायला जातात, आणि प्रत्येक भोकाला मालक आहे. कुठल्या कागदावर नाही, पण कागदापेक्षा पक्कं. अम्ब्रोझचे वडील गेले तेव्हा वाटणी झाली. धाकट्या भावाला ट्रॅक्टर मिळाला आणि अम्ब्रोझला काळं बीळ. काळं बीळ म्हणजे चर्चमागच्या उतारावर, जुन्या बीचच्या झाडाखालचं खोल भोक. धाकटा भाऊ आजही दोन पेले पोटात गेले की म्हणतो, मला फसवलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सगळे पोल्हवाले आपापल्या बिळाशी जातात. रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर अंगणात वजनं होतात. सर्वांत जाड पोल्ह ज्याचा, तो वर्षभराचा राजा. राजाला एक कोरलेली काठी मिळते, मुठीला पोल्हाचं डोकं. ती काठी अम्ब्रोझच्या चुलीवर इतकी वर्षं टांगलेली आहे की भिंतीवर तिच्या मागे तिच्या आकाराचा पांढरा पट्टा उरलाय. स्पर्धेत डोंगरापलीकडचं पोडगोरा गावही असतं. पोडगोराचा लुडविक दर वर्षी येतो, दर वर्षी हरतो आणि दर वर्षी म्हणतो की तुमचा तराजू तिरका लागलाय. तराजू माझ्याकडे असतो, म्हणून हे मला अंगाला लावून घ्यावं लागतं.

आता झिंकाबाई.

झिंकाबाई आमच्या गावात लग्न होऊन आल्या आणि आल्या त्याच वर्षी त्यांनी खालच्या खोलीत बायकांचं केशकर्तनालय काढलं. नवरा व्हिक्टर शांत माणूस होता. वारला तोही कुणाला अडचण न करता, दुपारच्या झोपेत. मग बाईंनी दुकान बंद केलं, पण त्याआधी त्यांच्या हातून एक गोष्ट घडून गेली होती. केसांचा रंग स्वस्त मिळाला म्हणून त्यांनी एकदा अख्खा खोका घेतला होता, आणि त्यात एकच छटा होती, लालसर तपकिरी महोगनी. तेव्हापासून चर्चमध्ये मागच्या बाकावरून पुढे पाहिलं तर सगळी महोगनीच दिसते. माझी बायको मिल्कासुद्धा त्याच खोक्यातली.

झिंकाबाईंच्या घरात पोल्ह आधीपासून होते. पण त्या वर्षी बीचच्या झाडांना बेसुमार बिया लागल्या, आणि बिया लागल्या की पोल्हांच्या घरात पाळणे हलतात. परसातल्या अक्रोडाची फांदी छपराला टेकली होती. त्या फांदीवरून सगळं कुटुंब माळ्यावर राहायला आलं. संध्याकाळ झाली की अक्रोड जमिनीवरून गडगडत न्यायचे, भांडायचे, गुरगुरायचे. त्यांच्यात एक होता, कान फाटलेला, बोक्याएवढा रुबाब. त्याला बाईंनी डायरेक्टर नाव ठेवलं, गिरणीच्या जुन्या डायरेक्टरवरून. तोही थंडीभर दिसायचा नाही आणि दिसला की खात असायचा.

इथवर ठीक होतं. मग एका संध्याकाळी झिंकाबाई झाडू घेऊन शिडीवर चढल्या, डायरेक्टरनं वरून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, आणि बाई शिडीवरून खाली आल्या. मनगट मुरगळलं. ही बातमी त्यांच्या मुलीला, पोलोनाला, कोपर शहरात कळली. पोलोना समुद्रकाठी सातव्या मजल्यावर राहते आणि आईनंही तिथं यावं म्हणून तिचं बरेच दिवस चाललं होतं.

"आई, मागे कसला आवाज येतोय?" तिनं फोनवर विचारलं.

"कुठं? काही नाही."

"कुणीतरी कपाट सरकवतंय."

"डायरेक्टर आहे. त्याला अक्रोड सापडला असेल."

"ऐक. संत मिखाएलच्या सणाला, सप्टेंबरअखेरीस, मी व्हॅन घेऊन येते. माळा रिकामा असेल तर तू रहा. नसेल तर पोल्ह राहू देत आणि तू चल. छत पडेपर्यंत मी थांबणार नाही."

झिंकाबाईंना कोपरला जायचं नव्हतं. त्या मिल्काला म्हणाल्या, "तिथं लिफ्टमध्ये रोज अनोळखी माणसांना नमस्कार करावा लागतो. आणि समुद्र दिसतो म्हणतात तो संडासाच्या खिडकीतून. या वयात मी समुद्र बघायला संडासात उभी राहू?" हसत म्हणाल्या, पण मिल्का घरी येऊन म्हणाली की बाईंनी कॉफीत साखर दोनदा घातली आणि ढवळली एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अम्ब्रोझला बोलावलं. त्यानं छताकडे पाहिलं, भिंतीवरच्या पिवळ्या डागाचा वास घेतला, माळ्यावर जाऊन आला.

"कुटुंब आहे," तो म्हणाला. "मोठं आहे."

"असू दे. भाडं कुणी देतंय का त्यातलं?"

"अक्रोडाची फांदी तोडतो. भोकं बुजवतो. एक मात्र शेवटपर्यंत उघडं ठेवावं लागेल, नाहीतर आत कुणी अडकला तर मरेल आणि मग वास नाताळपर्यंत जाणार नाही. सगळे निघाले की ते बुजवायचं."

"संत मिखाएलच्या आत?"

"आत."

"शब्द देता?"

अम्ब्रोझनं टोपीला हात लावला. हा माणूस बायबलवर हात ठेवून खोटं बोलला असता तर बोलला असता, पण टोपीला हात लावून नाही.

मग रोज सकाळी अम्ब्रोझ रिकामे पिंजरे घेऊन झिंकाबाईंकडे जाऊ लागला आणि भरलेले घेऊन बाहेर पडू लागला. पिंजऱ्यावर गोणपाट, कारण अंधारात पोल्ह शांत राहतो. काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी, कारण झिंकाबाईंच्या अक्रोडाच्या गोड गुंडाळ्या अख्ख्या खोऱ्यात प्रसिद्ध आहेत. आमची खिडकी त्यांच्या दारासमोर आहे. मिल्का खिडकीशी बसून वाटाणे सोलायची. त्या महिन्यात आम्ही फार वाटाणे खाल्ले.

"हा आठवडाभर पोल्ह काढतोय," ती म्हणाली. "माळ्यावर किती मावतात?"

"मोठं कुटुंब आहे."

"आणि पोल्ह धरायला इस्त्रीची पँट कशाला लागते?"

"नियम असेल काहीतरी."

"पूर्वी नव्हता तो नियम."

गावात चर्चा सुरू झाली. पोस्टमन म्हणाला, अम्ब्रोझ पिंजरे उलटे लावतोय. अम्ब्रोझच्या भावानं तर बिअर पिताना जाहीर केलं की थोरल्याला अखेर एक बीळ असं सापडलंय जिथून त्याला बाहेरच यायचं नाहीये. अम्ब्रोझ ऐकून घ्यायचा. मिशी पुसायचा. तो खरोखरच काळजीत होता, कारण पोल्ह संपतच नव्हते, आणि पोल्ह धरण्याच्या त्याच्या सगळ्या हयातीत असं कधी झालं नव्हतं.

ज्यांना पिंजऱ्याकडे बघायची सवय नसते त्यांना सगळे पोल्ह सारखेच दिसतात. झिंकाबाईंनी मात्र आयुष्यभर लोकांची डोकी पाहिली होती. डायरेक्टरचा फाटका कान त्यांनी सोमवारी पिंजऱ्यात पाहिला, आणि बुधवारी पुन्हा पाहिला. त्यांनी दुकानाचं जुनं कपाट उघडलं, खोक्याच्या तळाशी उरलेली शेवटची नळी काढली, वाटीत रंग कालवला, ब्रश घेतला, आणि अम्ब्रोझ यायच्या आधी, बांधलेल्या मनगटानिशी, पुन्हा त्याच शिडीवर चढल्या.

पिंजऱ्यात पोल्ह आलुबुखार खाऊन झिंगलेले होते. शेपट्या जाळीतून बाहेर आलेल्या. बाईंनी प्रत्येकाच्या शेपटीच्या टोकाला हात फिरवला. हा रंग अर्धा तास ठेवायचा असतो, पण पोल्हाला मासिक वाचायला देऊन बसवता येत नाही. तरी चांगला चढला. डायरेक्टरची शेपूट तर त्यांनी जरा मन लावूनच केली. नंतर मिल्काला म्हणाल्या, "केस फार छान आहेत त्याचे. तुझ्यापेक्षा दाट."

अम्ब्रोझ आला, गोणपाट टाकलं, पिंजरे घेऊन गेला.

पुढच्या सकाळी तो पुन्हा आला तेव्हा झिंकाबाईंनी त्याला माळ्यावर जाऊ दिलं नाही. स्वयंपाकघरात बसवलं. कॉफी ठेवली. टेबलावर कॉफीशेजारी एक पिंजरा होता, गोणपाट घातलेला.

"कालचे कुठं सोडलेत?" त्यांनी विचारलं.

"लांब."

"लांब म्हणजे?"

"पोडगोराच्या बाजूला."

"माझ्या न्हाणीघरालाही पोडगोराची बाजू आहे, अम्ब्रोझ."

अम्ब्रोझ कॉफी प्याला. बाईंनी गोणपाट उचललं. आत डायरेक्टर पाठ करून बसला होता आणि त्याची शेपूट सकाळच्या उन्हात लालसर चमकत होती.

"शेपटीला काय लागलंय त्याच्या?" बाई म्हणाल्या.

"अक्रोडाची हिरवी साल. डाग पडतो तिचा. काल मीही पाहिलं."

"अक्रोड तुम्ही मला शिकवा, पण रंग नको. ती महोगनी आहे. फादरच्या स्वयंपाकीणबाईंच्या डोक्यावर आहे तीच. काल सकाळी मी लावली, इथं, वर. आणि आज सकाळी ती इथंच, वर, परत आली."

अम्ब्रोझनं शेपटीकडे पाहिलं. मग डायरेक्टरकडे. डायरेक्टर नाशपाती खात होता आणि त्याला या प्रकरणात पडायचं नव्हतं. मग अम्ब्रोझनं टोपी काढली. हे झिंकाबाईंनी स्वतः सांगितलं, म्हणून विश्वास ठेवायचा.

"काळ्या बिळाशी सोडतो," तो म्हणाला.

"चर्चमागे?"

"चर्चमागे."

"इथून मी खिडकीतून त्या झाडावर बूट फेकून मारीन."

"रोज पोडगोराला जायलाच निघतो, झिंकाबाई. सीमेच्या पाटीपर्यंत जातो. मग गाडी थांबवतो, गोणपाट उचलून बघतो." त्यानं कप सरकवला. "हंगामाला आठवडा उरलाय. असले पोल्ह मी उभ्या आयुष्यात पाहिले नाहीत. हे नेऊन लुडविकच्या बिळात सोडू? तो खाईल त्यांना."

"तुम्ही काय करणार होतात त्यांचं?"

"मीही खाणारच होतो. पण मी आपला आहे."

आमच्या गावात कुणालाही हे ऐकून आश्चर्य वाटलं नसतं. बुकोव्येचा पोल्ह पोडगोराच्या माणसाला देणं ही कल्पनाच आमच्याकडे नाही. मुलगी देतात, गाय देतात. झिंकाबाई मात्र बाहेरून आलेल्या. त्यांनी पिंजऱ्यावर गोणपाट परत घातलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग असं करू. शनिवारी पोलोना येईल, डायरेक्टर वर अक्रोड गडगडवेल, आणि मी सामान बांधेन. घराला कुलूप. माळा तुमचा, पोल्ह तुमचे, काठी तुमची. राजाला एवढं तरी पाहिजेच."

अम्ब्रोझनं टोपी परत डोक्यावर घातली. कॉफी अर्धी टाकून पिंजरे घेऊन गेला. त्या दिवशी काखेत कागदाची पुडी नव्हती. मिल्कानं वाटाण्याची शेंग हातात तशीच धरली आणि म्हणाली, "काहीतरी झालंय."

पुढचं त्यानं मला सांगितलं, पण खूप नंतर आणि बाटली संपल्यावर. सीमेच्या पाटीपाशी तो थांबला, गोणपाट उचललं, पुन्हा टाकलं आणि पुढे गेला. पोडगोराच्या जंगलात कुठंही सोडून परत यायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण सप्टेंबर संपत आलेला. परक्या जंगलात पोल्हाला थंडीआधी बीळ सापडलं नाही तर तो गोठून मरतो, आणि त्या रानात चांगलं बीळ एकच, लुडविकचं. अम्ब्रोझ अर्धा तास झाडाखाली बसला. मग त्यानं लुडविकच्या बिळाशी जाऊन झडप उघडली. डायरेक्टर सगळ्यांत शेवटी बाहेर आला. बीळ आधी नीट बघून घेतलं त्यानं, घर बघायला आलेल्या गिऱ्हाइकासारखं.

"मी म्हटलं त्याला, खाऊ नकोस फार," अम्ब्रोझ मला म्हणाला. "ऐकणारा नव्हता तो."

उरलेले पोल्ह त्यानं पुढच्या सकाळी तिथंच नेले, आणि एका सकाळी पिंजऱ्यांतल्या नाशपात्या जशाच्या तशा राहिल्या. त्यानं शेवटचं भोक पत्र्यानं आणि चुन्यानं बुजवलं. झिंकाबाईंनी शिडी धरली.

पोलोना शनिवारी रिकामी व्हॅन घेऊन आली आणि माळ्याखालच्याच खोलीत झोपली. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात आली. अम्ब्रोझ तिथं आधीच बसलेला, टोपी गुडघ्यावर.

"झोप झाली?" आईनं विचारलं.

"नाही."

अम्ब्रोझनं टोपी घट्ट धरली.

"इतकं शांत होतं की झोपच लागेना. आमच्याकडे निदान लिफ्ट तरी वाजते." मग ती अम्ब्रोझकडे वळली. "काका, एकही नाही?"

"एकही नाही."

"कुठं गेले?"

"लांब," अम्ब्रोझ म्हणाला, आणि या वेळी झिंकाबाईंनी मान डोलावली.

व्हॅन बटाटे, सफरचंद आणि मुरांबे भरून परत गेली. समोरून मिल्का आणि मी हात हलवत होतो. प्रश्न सुटला असं आम्हाला वाटलं. पण प्रश्नाची शेपूट अजून बाहेर होती.

ऑक्टोबरचा पहिला रविवार उजाडला. चर्चच्या अंगणात टेबलं, मोठ्या पातेल्यांखाली जाळ, मी तराजूपाशी. आमच्या लोकांचे पोल्ह एकेक करून पारड्यात पडत होते. अम्ब्रोझनं काळ्या बिळातून आणलेला बराच जाड निघाला. काठी त्यानं सोबतच आणली होती, दर वर्षी आणतो, परत घरी नेण्यासाठी. भावानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "ट्रॅक्टर आणि बीळ, अजून अदलाबदल करू शकतो."

मग लुडविक आला. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहऱ्यावर असं हसू, जसं पोडगोरात कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यानं ते टेबलावर उलगडलं.

फाटका कान. पोट असं की पारडं भरून वाहिलं. आणि उन्हात चमकणारी महोगनी शेपूट.

"बघून घ्या," लुडविक म्हणाला. "पोडगोराची जात. असा रंग तुमच्या बाजूला उगवत नाही. वरच्या दर्जाचं रक्त आहे हे."

बायका एका रांगेत उभ्या होत्या. बुकोव्येच्या प्रत्येक पुरुषानं आधी शेपटीकडे पाहिलं, मग त्या रांगेकडे, मग पुन्हा शेपटीकडे. मिल्काचा हात आपसूक स्वतःच्या केसांकडे गेला. फादरच्या स्वयंपाकीणबाईंनी डोक्याचा रुमाल पुढे ओढला. आणि मग हळूहळू, जत्रेतला पाळणा वळावा तशी सगळी डोकी अम्ब्रोझकडे वळली.

त्याला एक वाट होती. हा पोल्ह आमचा आहे, रंगवलेला आहे, पोडगोराचा नाही, असं त्यानं म्हणायचं. पोल्ह बाद, लुडविक बाद, काठी पुन्हा चुलीवर. पण मग लुडविकनं विचारलं असतं की तुमचा पोल्ह माझ्या बिळात आला कसा. आणि त्याचं उत्तर एकच होतं.

मी वजन वाचलं. अम्ब्रोझच्या पोल्हापेक्षा बरंच जास्त. तराजू तिरका लागलाय असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

अम्ब्रोझनं झिंकाबाईंकडे पाहिलं. त्या पातेल्याजवळ पळी धरून उभ्या होत्या. मग तो टेबलापाशी गेला आणि काठी लुडविकच्या हातात दिली.

"चांगला पोसलाय," तो म्हणाला.

"पोडगोराच्या बिया," लुडविक म्हणाला.

"नाशपाती," झिंकाबाई पातेल्याजवळून म्हणाल्या. "आणि लुडविक, शेपूट रश्श्यात टाकू नका. रंग सुटतो."

आधी पोस्टमन हसला. मग अम्ब्रोझचा भाऊ, मग फादर, ज्यांनी हसू लपवायला तोंडावर हात ठेवला पण पोट लपवता आलं नाही. लुडविकही हसला, कारण सगळे हसत होते आणि काठी त्याच्या हातात होती. पोडगोरात आजही त्या शेपटीची गोष्ट सांगतात, आणि तिथल्या पोल्हवाल्यांना दर शरदात आणखी एका लाल शेपटीची वाट असते.

गावानं अम्ब्रोझशी काही दिवस अबोला धरला. आमच्यात हे साहजिक होतं. पोल्हवाल्यांच्या बैठकीत त्याला काढून टाकावं असाही ठराव आला, पण पाठिंबा द्यायला कुणी हात वर करेना, कारण दर वेळी कुणीतरी "नाशपाती" असं कुजबुजायचं आणि बैठक हसण्यात विरायची.

"लोक फुलं देतात," मिल्का एका संध्याकाळी म्हणाली. "अंगठी देतात. यानं लुडविकला पोल्ह दिला."

"मी तुला काय दिलं होतं?"

"आठवत नाही. म्हणजे पोल्ह नसणार."

जानेवारीत एका दुपारी मी अम्ब्रोझकडे करवतीला धार लावून घेत होतो. बाहेर कुंपणाच्या वर बर्फ. चुलीवरचा काठीचा पांढरा पट्टा रिकामा. फोन वाजला. झिंकाबाई इतक्या मोठ्यानं बोलतात की मला कान द्यावा लागला नाही.

"अम्ब्रोझ, वर आवाज येतोय."

अम्ब्रोझनं खिडकीबाहेर पाहिलं. मीही पाहिलं. त्या वेळी सगळ्या देशात एकही पोल्ह जागा नसतो. जमिनीखाली, नाकावर शेपूट घेऊन, मे महिन्यापर्यंत गाढ. हे आमच्याकडे बालवाडीतल्या पोरालाही माहीत असतं.

"कसला?" त्यानं विचारलं.

"पोल्हासारखा."

"जाड आहे?"

"बराच जाड आहे. गुंडाळी केलीये मी. गरम आहे तोवर या."

"लगेच येतो. मेपर्यंत तो उतरायचा नाही, रोज बघावं लागेल."

तो आत गेला, बऱ्याच वेळानं बाहेर आला. पँटीला इस्त्री होती. मिशीला पाणी लावून विंचरलेलं. टोपी घातली.

"माझी करवत?" मी विचारलं.

"तिला काय घाई आहे. लाकूड कुठं पळत नाही."

तो बर्फातून निघाला, चांगला झपाझप. मी शेकोटीजवळ बसून राहिलो, आणि मग माझं लक्ष दाराकडे गेलं. पिंजरे तिथंच होते, एकावर एक रचलेले, सगळेच्या सगळे.